टेबल निघत नाही, मीही निघणार नाही

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणा, खुशाल म्हणा. निकामी म्हणालात, तर मात्र माझे तिन्ही दिवे तुमच्याकडे डोळे वटारून बघतील.

माझा जन्म कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली या घराच्या दिवाणखान्यात. प्रत्येक फोनला नेटवरचा त्याचा पत्ता मीच वाटून द्यायचो. मग एक दिवस चार अँटेनांचा नवा राउटर आला. गरज सरो, वैद्य मरो! बाबांनी मला वायरींच्या पिशवीत कोंबलं, त्यात माझी एक अँटेना मोडली. कोणी हळहळलंसुद्धा नाही. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

पण त्या नव्याची मजल मागच्या खोलीपर्यंत जात नव्हती. तिथे आत्याचा शिवणवर्ग चाले. फोनसमोर उभी राहून ती लांबलांबच्या बायकांना कापड बेतायला शिकवायची. ऐन कात्री चालवताना चित्र गोठायचं. एकेक करून शिकणाऱ्या बायका गळू लागल्या, आणि आत्याची सगळी भिस्त त्या वर्गावर होती.

"दिवाणखान्यात येऊन शिकव की," बाबा म्हणाले.

"आणि टेबल?" सुताराने तिचं बेतायचं टेबल खोलीतच जोडलं होतं, ते दारातून निघतच नव्हतं. "टेबल बाहेर येत नाही ना दादा, मग नेट आत येईल."

तिने मला पिशवीतून काढलं. मोडकी अँटेना चिकटपट्टीने बांधली आणि नव्या राउटरपासून लांब केबल ओढून मला जोडलं. मला कोण जोर चढला! जुन्या सवयीने मी पत्ते वाटायला लागलो. तिकडे नवाही वाटत होता. त्यात आम्हा दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच. घरभर नेट ठप्प झालं.

"टाक तो डबा भंगारात," बाबा वैतागले.

"नाही टाकणार."

आई दारात उभी होती. या घरात जेवताना वाढणारं माणूस एकच असतं. दोघांनी वाढलं, की एकाच्या ताटात दोनदा पडतं आणि दुसरा वाट बघत बसतो. आईने सहज विचारलं, "दोघंही वाढतायत का गं?"

आत्याचा हात थांबला. "वहिनी, तसंच झालंय बघ."

तिने केबल काढून मला एकट्याला फोनशी जोडलं, माझा पत्ता बदलला आणि माझं वाटपाचं काम बंद केलं. खरं सांगतो, मला ते झोंबलं. पण केबल परत लागली आणि मी ठरवलं, वाढू दे त्याला. या खोलीत पोचवीन मीच.

दुसऱ्या दिवशी वर्गात आत्याने फोनसमोर सुई धरली. पलीकडून एक बाई म्हणाली, "ताई, सुईचं नेढंसुद्धा दिसतंय."

आत्याचे डोळे भरले. तशीच ती दोरा ओवत राहिली. बाबा दारातून बघत होते. वर्ग संपल्यावर ते आत आले आणि एक चिंधी उचलून माझ्यावरची धूळ पुसू लागले.

मित्रांनो, मला दया नको. जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एकदा काम देऊन बघा, आणि अधूनमधून तिच्यावरून फडकं फिरवा, एवढंच मागतो. माझ्यापुरतं म्हणाल, तर हे टेबल दारातून निघत नाही. मीही निघणार नाही.