सहावा खांदा

दुसरा ठोसा जबड्यावर बसला, तेव्हा लोर्कन डेव्हिट आईच्या घराच्या उंबऱ्यावरच कोसळला. आत दोन खुर्च्यांवर टेकवलेल्या शवपेटीत त्याची आई ऑनर निजली होती.

"ऊठ, मास्तर!" मॅट स्कली खाटीक गरजला. "लिही आता यावर! हसू देत तुझे डब्लिनवाले!"

अंगणात चार शेजारी टोप्या हातात धरून उभे होते. कुणी पुढे झाले नाही. लोर्कनच्या कादंबरीने साऱ्या गावाची टर उडवली होती. चर्चमध्ये पहिल्या रांगेत गुडघे टेकणारा आणि तराजूवर हळूच अंगठा ठेवणारा त्यातला खाटीक म्हणजे मॅटच, हे तर शेंबड्या पोरांनीही ओळखले. पुस्तकावर बंदी आली, लोर्कनची शाळेतली नोकरी गेली. आणि मॅटच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले.

"माझ्या नोराचं काय चुकलं होतं रे, भाड्या?"

बूट बरगडीत बसला. आत काहीतरी कडकन मोडले. लोर्कनने हात उगारला नाही.

"मार," तोंडातले रक्त थुंकत तो म्हणाला. "पण आईला खांदा देऊ दे."

"तू देणार? तू डब्लिनला पळालास, तेव्हा दर शनिवारी हिच्या दाराशी मटण कोण ठेवत होतं? बसेल का ते तुझ्या पुस्तकात?"

आईच्या एकाही पत्रात हे आले नव्हते. लोर्कन उंबऱ्यावर तसाच पडून राहिला. माणसांच्या लबाड्या दुरून टिपणाऱ्या आपल्या नजरेची त्याला आयुष्यात प्रथमच लाज वाटली.

शेजारची म्हातारी पेग दारात आली. "पुरे कर मॅट, आत ऑनर आहे. सहा खांदे लागतात, तुम्ही पाचच. भाड्याची माणसं आणून तिची शोभा करता का आता?"

मॅटने सोलवटलेली बोटे विजारीला पुसली.

"उंचीला माझ्या जोडीचा हाच एक आहे," तो म्हणाला. "ये, करंट्या. मागच्या टोकाला माझ्या शेजारी लाग."

पेटी उचलली गेली. मरण पुन्हा घरात टेकू नये म्हणून पेगने रीतीप्रमाणे दोन्ही खुर्च्या लाथेने उलथवल्या. पेटीखाली जोडीदारांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले. त्याशिवाय ती तोलली जात नसे. मॅटचा जड हात लोर्कनच्या मानेमागून आला.

चढणीवर बरगडीतून कळ उठली आणि लोर्कनचा पाय लटपटला. मॅटची बोटे त्याच्या खांद्यात रुतली.

"माझ्या पावलानं चाल," तो पुटपुटला. आणि दफनभूमी येईपर्यंत त्याने आपले पाऊल आखूडच ठेवले.