सलग आठ तास

"आई, मला सलग आठ तास झोपू दे. मग सांगते, एमडी सोडायची की नाही," एवढं बोलून संचिता सकाळी दहाला आडवी झाली. हॉस्पिटलात अडतीस तासांची ड्युटी करून आली होती. पायातल्या चपला मीच काढल्या. गेल्या आठवड्यात झोपेच्या गुंगीत तिने इन्सुलिनचा डोस दहापट लिहिला. सिस्टरने वेळेवर पाहिला म्हणून निभावलं. तेव्हापासून पोरगी स्वतःच्याच हातांना घाबरतेय.

तर आठ तास. तिचा फोन मी तांदळाच्या डब्यात पुरला. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून बाहेरून कुलूप लावलं, कारण आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगला संचिता आल्याचा वासच लागतो. अकराला दवेभाभी हजर, मिस्टरांची फाइल घेऊन.

"भाभी, ताला क्यूँ? डॉक्टर बेबी आयी है ना?"

"सोयी है."

"बस दो मिनट. सिर्फ शुगर का रिपोर्ट दिखाना है."

"दो मिनटवाली सुबह से आप तीसरी हो," मी जाळीतूनच म्हटलं.

भाभी फुगून गेल्या. जाऊ देत. फार तर ढोकळा यायचा बंद होईल.

अडीचला माझाच फोन वाजला. हॉस्पिटलच्या कुठल्याशा फॉर्मवर इमर्जन्सीसाठी माझा नंबर दिलेला आहे.

"काकू, निहार बोलतोय, संचिताचा सीनियर. तिला पाठवता का? ज्युनियरला डेंगी झालाय. वॉर्डात साठ पेशंट आहेत आणि मी एकटाच."

"आज सुट्टी आहे ना रे तिची?"

"आहे, काकू."

"आणि तू कधीपासून आहेस तिथे?"

"आज रविवार ना? मग... शुक्रवारपासून."

तोंडाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या. याला देऊन काय उपयोग? "थांब, बघते," म्हणून आत गेले. संचिता तोंड उघडं टाकून झोपली होती, पाचवीत असताना झोपायची तशी. जेमतेम साडेचार तास झाले होते. माझा हात पुढे होईना.

बाहेर येऊन फोन कानाला लावला, तर पलीकडून घोरणं. मी हूं की चूं केलं नाही. फोन ठेवलाही नाही. घोर बाबा, म्हटलं, जेवढा वेळ मिळेल तेवढा वेळ घोर.

चार मिनिटं मिळाली. "निहार सर! उठा, सात नंबरला दम लागलाय!" मग खुर्ची सरकल्याचा, धावत गेल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने कोणीतरी फोन उचलला.

"कोण बोलतंय?"

"संचिताची आई. तुम्ही सिस्टर ना? सात नंबर कसा आहे?"

"आता बरा आहे. सरांनी सांभाळलं."

"सिस्टर, या पोरांच्या वर कोणी मोठं माणूस आहे की नाही?"

"आहेत ना, मोठे सर. पण ते रविवारी येत नाहीत."

"त्यांचा नंबर द्या."

"अहो, माझं नाव येईल..."

"नाही येणार. द्या."

मोठ्या सरांचा फोन एका बाईने उचलला.

"ते आत्ताच जेवून आडवे झालेत हो. आठवडाभर फार दमतात. तासाभराने करता का?"

हळू बोलत होती, पलीकडच्या खोलीतलं माणूस जागं होऊ नये म्हणून. मी सकाळपासून बोलत होते, अगदी तशीच.

"पटतंय हो मला तुमचं," मी म्हटलं. "पण उठवा त्यांना. मी फोन धरून आहे."