खंडेनवमीला मला तेल लागले

मी एक जुना चेंडू आहे. मित्रांनो, चेंडू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी गोल आले असेल, ते आधी पुसून टाका. मी लांबट आहे, दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी, खडबडीत कातडीचा, आणि माझ्या अंगावर पांढऱ्या नाडीचे आठ टाके आहेत. संपदाने मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली होती, की हा तर सोललेला नारळ. मला तेव्हा फार राग आला होता. पुढे नारळाचा आणि माझा जो संबंध आला तो ऐकाल, तर तुम्हालाही हसू आवरणार नाही.

सध्या माझा मुक्काम टोकियोच्या एदोगावा भागात, चौथ्या मजल्यावरच्या एका लहान घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. तिथून मला रोज उदबत्तीचा वास येतो आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. निवृत्तीत याहून जास्त काय हवे?

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. चामड्याच्या चार पाकळ्या एकमेकींना उलट्या बाजूने शिवल्या, मग उशीचा अभ्रा सुलटा करतात तसे मला सुलटे केले, पोटात रबरी पिशवी घातली, नाडी ओवली आणि हवा भरली. हवा भरली त्या क्षणी मला आपण कोणीतरी मोठे आहोत असे वाटू लागले, आणि ती सवय अजून गेलेली नाही. अमेरिकन फुटबॉल या खेळासाठी माझा जन्म होता. नोकरी मात्र लागली जपानमध्ये, योकोहामाच्या एका केबल कंपनीच्या संघात.

कंपनीचा संघ म्हणजे कसा, ते सांगतो. खेळाडू सोमवार ते शुक्रवार टाय लावून कचेरीत बसत आणि गुरुवारी संध्याकाळी व शनिवारी-रविवारी हेल्मेट चढवून एकमेकांवर धडकत. सराव संपला की लहानमोठे सगळे मिळून मैदान झाडत, रांगेत उभे राहत आणि रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार करत. पहिल्या दिवशी मला वाटले, हा नमस्कार मलाच आहे.

आमच्या सामानाची खोली मिझोगुची-सान, म्हणजे मिझोगुचीराव, या वयस्क गृहस्थांच्या ताब्यात होती. नव्या चेंडूच्या अंगावर कारखान्यातले मेण असते, त्यामुळे तो हातातून सुळकन निसटतो. मिझोगुची-सान महिनाभर रोज मला ब्रशने घासत, ओल्या फडक्याने पुसत, पुन्हा घासत. महिन्याने माझे मेण गेले, चामडे बोटांना धरू लागले, आणि सामन्यासाठी निवडलेल्या सहा चेंडूंत माझी भरती झाली. आमच्या स्पर्धेत चढाई करणारा संघ स्वतःचेच चेंडू वापरतो, म्हणून या सहा जणांना भारी मान. मी चौथा. पहिला नव्हतो, हे मी कोणाला मुद्दाम सांगत नाही.

संपदा तिथे अरुबाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला आली. तिचा नवरा सुयश टोकियोतल्या एका आयटी कंपनीत होता. त्याच्याबरोबर ती जपानला आली, दोन वर्षे जपानी शिकली, आणि घरात बसून कंटाळल्यावर तिने हे काम धरले. जर्सी धुणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, चेंडू घासणे. तिच्या वडिलांचे कोल्हापुरात लेथचे वर्कशॉप होते, त्यामुळे हत्यारांची निगा तिला लहानपणापासून ठाऊक होती. मिझोगुची-सान फारसे कोणाला वाखाणत नसत, पण तिच्या हाताखालून गेलेला चेंडू ते पुन्हा तपासत नसत.

त्या वर्षी कंपनीने अमेरिकेहून एक क्वार्टरबॅक आणला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू आणि हात. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो, कोणाकडे चेंडू फेकायचा ते तोच ठरवतो. याचे नाव कॅलेब. आमच्या बाकीच्या खेळाडूंना कचेरीतल्या कामाचा पगार मिळे. कॅलेबला फक्त खेळण्याचा, आणि तोही घसघशीत. कंपनीच्या कँटीनमध्ये सूप पिता पिता लोक त्याच्या पगाराविषयी बोलत. सुयशसुद्धा घरी म्हणाला होता, की एवढे पॅकेज घेऊन माणूस आठवड्यातून तीन तास पळतो, मी उगाच इंजिनिअर झालो.

कॅलेब माणूस भला होता, पण सराव संपला की खांद्यावर बर्फ ठेवून एकटाच निघून जाई. त्याच्या देशात तशीच रीत होती. बाकीचे झाडू घेऊन मैदानात उतरलेले असत आणि त्याला कोणी काही म्हणत नसे. तो फेकायचा जोरात आणि सरळ, तरी पास नेमका दोन बोटांनी चुकायचा. पहिल्या तीन सामन्यांत संघ कसाबसा दोनदा जिंकला, एकदा हरला. मग वरून निरोप आला. शेवटच्या दोन सामन्यांपैकी एक तरी जिंकून संघ उपांत्य फेरीत गेला तर उत्तम. दोन्ही हरला तर कॅलेबने घरी जावे. त्याची पाच वर्षांची मुलगी नुकतीच जपानी बालवाडीत रुळली होती.

त्याच आठवड्यात मिझोगुची-सानांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. त्यांनी आम्हा सहा जणांची पिशवी संपदाच्या हवाली केली, रोज ब्रश फिरवायला सांगितले आणि ते दवाखान्यात गेले. आम्ही मांडीवर बसून ट्रेनने एदोगावाला आलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

संपदाने पाटावर कोरे कापड घातले. त्यावर सुयशचा लॅपटॉप, तिची विळी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि आम्ही सहा जण. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये या दिवशी प्रत्येक पान्याला तेलाचा हात फिरायचा, मगच कुंकू लागायचे. संपदाने आमच्या अंगावरूनही खोबरेल तेलाचा हात फिरवला. कोरडे पडलेय बिचारे चामडे, असे ती पुटपुटलीसुद्धा. मग प्रत्येकाच्या नाडीपाशी कुंकवाचे बोट, वर झेंडूचे फूल. कॅलेब-सानला यश दे, असे तिने हात जोडून म्हटले. खरे सांगतो मित्रांनो, त्याआधी आणि नंतर मला इतके सुख कधी वाटले नाही. महिनाभर घासून घेतलेल्या अंगाला तेल! मी तर डुलक्या काढू लागलो. सकाळी तिने आम्हाला वरवर पुसले आणि आम्ही कसे लखलखत योकोहामाला निघालो.

रविवारी स्टेडियममध्ये कंपनीची माणसे निळे टॉवेल गळ्यात घालून बसली होती. पहिलाच डाव. ओकाबे-सान नावाचा आमचा दांडगा खेळाडू वाकून मला दोन पायांमधून मागे कॅलेबकडे द्यायचा. त्याने मला दिले, कॅलेबने धरले, आणि मी साबणाच्या वडीसारखा त्याच्या बोटांतून वर उडालो. समोरच्याने मला झेलले आणि तो पळत सुटला.

मी मनापासून प्रयत्न केला. पण तेल चामड्यात मुरले होते, आता मी तरी काय करणार? माझे भाऊही तसेच. पंच आम्हाला टॉवेलने पुसत होते आणि आम्ही निसटत होतो. कॅलेबने एकदा मला नाकाशी नेले, नाडीतले कुंकू अंगठ्याने चाचपून पाहिले, क्षणभर थांबला आणि काही न बोलता पुढचा डाव मांडला. ओकाबे-सान हात पँटला पुसत राहिला, तोही काही बोलला नाही. सामना आम्ही मोठ्या फरकाने हरलो. निळ्या टॉवेलवाल्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या, पण त्या ऐकवत नव्हत्या.

संपदाला हे सगळे तिसऱ्या डावातच उमगले होते. बाटल्या भरताना तिने स्वतःच्या बोटांचा वास घेतला, तर खोबरेल तेल!

आम्हाला पुन्हा घरी आणल्यावर तिने सुयशला सगळे सांगितले. सुयश म्हणाला, "अगं, पण तुला कोणी विचारलंय का? सीझन संपला की विसरतील सगळे. उगाच जॉब जायचा."

"त्याची बायको भेटली मला स्टेशनवर," संपदा म्हणाली. "मुलीला शाळेत घालायचे नवे बूट घेऊन चालली होती. माझ्या वाटीभर तेलापायी ते बूट बॅगेत भरून ती परत जाणार? मला नाही जमणार गप्प बसायला."

गुरुवारी, सरावाच्या दिवशी, सुयशने अर्धी रजा टाकली आणि आमची पिशवी खांद्यावर घेऊन तो तिच्याबरोबर आला.

सराव संपल्यावर संपदा सगळ्या संघासमोर उभी राहिली. मिझोगुची-सानही काठी टेकत आले होते. तिने खंडेनवमी म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, तेलापर्यंत आली, आणि कमरेत वाकली ती वर उठेचना. मला वाटले, आता हिच्याबरोबर आम्हीही रस्त्यावर.

पहिल्यांदा ओकाबे-सान बोलला. चेंडू क्वार्टरबॅकच्या आवडीप्रमाणे तयार करतात, हे त्याला माहीत होते. "मला वाटलं, कॅलेब-सानना असाच चेंडू आवडतो. अमेरिकेत तसं असेल."

संपदाने त्याचे बोलणे इंग्रजीत सांगितले. कॅलेब आ वासून पाहत राहिला. हंगामाच्या आधी संघ त्याला देवळात घेऊन गेला होता. तिथे सगळ्यांनी यशासाठी माना लववल्या होत्या, घंटा वाजवली होती.

"आणि मला वाटलं, तुमच्याकडे आशीर्वाद असाच देतात," तो म्हणाला. "आशीर्वादाबद्दल तक्रार कशी करायची?"

आधी मिझोगुची-सान हसले. त्यांना हसताना मी तीन वर्षांत प्रथमच पाहिले. मग ओकाबे-सान, मग एकेक करून सारा संघ पोट धरून हसू लागला. दोन तास चाळीस माणसे तेलकट चेंडूशी झुंजली होती, आणि समोरच्याचे मन दुखू नये म्हणून एकानेही तोंड उघडले नव्हते.

हसणे ओसरल्यावर व्यवस्थापक म्हणाले, की हे कंपनीला कळवतो, म्हणजे कॅलेब-सानवरचा ठपका जाईल. कॅलेबने नकारार्थी मान हलवली.

"पहिल्या तीन सामन्यांत तेल नव्हतं. तेव्हाही मी बेताचाच खेळलो. तेलाचं काही कळवू नका."

मित्रांनो, त्याच्या पगाराविषयी मी बरेच ऐकले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की हा माणूस महाग नाही.

आता प्रश्न आमचा होता. नवे चेंडू तयार करायला महिना हवा, सामना दहा दिवसांवर. संपदाने एदोगावातल्या भारतीय दुकानातून बेसनाची पाच किलोची पिशवी आणली. तेलाचा डाग पडला की तिची आई बेसन लावून ठेवायची. सामानाच्या खोलीत तिने आम्हाला बेसनात घोळले. माझी तर खात्रीच पटली, की आता आपली भजी होणार. पण एका रात्रीत बेसन पिवळे धमक आणि चिकट झाले, म्हणजे तेल ओढले जात होते. ते झाडायचे, ब्रश मारायचा, पुन्हा नवे लावायचे. कॅलेब स्वतः ब्रश घेऊन बसला. रोज संध्याकाळी कचेरी सुटली की ओकाबे-सान येऊन बसे, मग पास झेलणारा फुजिमोरी येई. हा फुजिमोरी दिवसा केबलची रिळे बांधायच्या विभागात होता. हाताला काम असले की तोंडही सैल सुटते. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो एकदा म्हणाला, की कॅलेब-सान, तुमचा पास फार जोरात येतो, मी वळायच्या आत पोचतो. कॅलेबने विचारले, की इतके दिवस सांगितले का नाही? फुजिमोरी म्हणाला, की आपण कधी एकत्र बसलोच नव्हतो.

पुढच्या सरावापासून कॅलेब शेवटी झाडू घेऊन मैदानात दिसू लागला. झाडता त्याला अजिबात येत नसे. ओकाबे-सान त्याच्या मागून पुन्हा झाडत जाई.

शेवटचा सामना मी जन्मभर विसरणार नाही. चार गुणांनी आम्ही मागे, घड्याळात नऊ सेकंद, आणि डावासाठी पिशवीतून निघालो मी. पहिला नसलो तरी शेवटचा मान माझाच. ओकाबे-सानने मला मागे दिले, कॅलेबची बोटे माझ्या नाडीवर घट्ट बसली आणि मीही त्यांना घट्ट धरले. तो नेहमीसारखा जोर न लावता क्षणभर थांबला, फुजिमोरीला वळू दिले, आणि मग मला सोडले. मी गिरक्या घेत गेलो. खाली सगळी माणसे माना वर करून माझ्याकडेच पाहत होती, आणि मला ते फार आवडले. फुजिमोरी वळला, त्याने हात पसरले, आणि मी अलगद त्याच्या छातीशी विसावलो. टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि सामना आमचा! संपदा बाटल्या टाकून नाचत होती. सुयश गॅलरीत एका अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडला होता. सामन्यानंतर मैदानाला नमस्कार करताना सगळ्यात खाली वाकला होता कॅलेब. मला जरा जवळून हुंगले असते तर तेव्हाही बेसनाचा वास आला असता.

पुढे उपांत्य फेरीत आम्ही हरलो, पण कॅलेबचा करार वाढला. मी मात्र थकलो. माझी खडबडीत कातडी झिजून गुळगुळीत झाली, शिवण सैल पडली, आधी सामन्यांतून आणि मग सरावातूनही माझी सुट्टी झाली. काही महिने मी कपाटात धूळ खात पडलो होतो, ते दिवस वाईट होते. शेवटी मिझोगुची-सानांनी मला पुसले आणि रुमालात बांधून संपदाला दिले.

मित्रांनो, तुमच्याकडेही बॅट असेल, सायकल असेल, आईची बाजाची पेटी असेल. त्यांची काळजी जरूर घ्या. पण ज्याची काळजी घ्यायची त्याला काय सोसते ते आधी विचारा, आणि कोणी प्रेमाने तुमच्या अंगावर तेल ओतलेच, तर तेही त्याला वेळेवर सांगा.

परवाच खंडेनवमी झाली. कॅलेब बायको-मुलीला घेऊन इथे आला होता. त्याच्या पिशवीत नवे सहा चेंडू होते, ते त्याने स्वतः पाटावर मांडले. संपदाने कुंकू लावले, फुले वाहिली, आणि सवयीने तिचा हात तेलाच्या वाटीकडे गेला.

"तेल नको," कॅलेब चक्क मराठीत म्हणाला.

सगळे हसले. मग त्याने वर फळीकडे पाहिले, मला खाली काढले, पाटाच्या मधोमध ठेवले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मला आता कोणाच्या हातात टिकायचे नव्हते. त्याच्या मुलीने दोन्ही तळवे तेलात बुडवले आणि माझ्या कोरड्या अंगावरून सावकाश फिरवले.