एक्केचाळिसावी चूक

सराव परीक्षेत सायन्स दोनच्या पेपराला स्टेलाला शून्य मिळालं. वर्गात सायन्सला कायम पहिली येणाऱ्या पोरीला शून्य! नेवाशाजवळच्या तिच्या गावात ही बातमी एसटीच्या आधी पोचली.

स्टेला म्हणजे अंगणवाडीच्या दयाबाईंची मुलगी. दहावीला होती. तिची अभ्यासाची स्वतःची एक रीत होती. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि बोटभर कागदाच्या तुकड्यांवर पुढे प्रश्न, मागे उत्तर लिहायचं. मग ते तुकडे पत्त्यांसारखे पिसायचे, एकेक ओढायचा आणि मागची बाजू न बघता उत्तर सांगायचं. आलं तर तुकडा बाजूला, चुकलं तर परत गड्डीत. नुसतं वाचत बसलं की सगळं येतं असं वाटतं आणि पेपरात काही आठवत नाही, हे तिला आठवीतच कळलं होतं. हा खेळ ती आपल्या बाकावरच्या ज्ञानेश्वरीबरोबर खेळायची. कारभारी पाटलांची ही ज्ञानेश्वरी, दोन वर्षांची मैत्रीण. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. मधल्या सुट्टीत, स्टँडवर, कुठेही.

त्यातलाच एक तुकडा सराव परीक्षेच्या दिवशी स्टेलाच्या कंपासपेटीतून खाली पडला. मच्छिंद्र सरांनी तो उचलला. "कुणाची चिठ्ठी?" स्टेलाने आधी कंपासपेटीत बघितलं. तेवढ्यात ज्ञानेश्वरी उभी राहिली. "सर, अक्षर स्टेलाचं हाय."

बस, एवढंच बोलली आणि खाली बसली. असे दोनशे तुकडे स्टेलाच्या दप्तरात आहेत, हा तुकडा नकलेसाठी नाही, घोकण्यासाठी आहे, आज सकाळी मीच तिला तो विचारला होता, यातलं एक अक्षर तिने काढलं नाही. तुकड्यावरचा प्रश्न तर पेपरात नव्हताच, पण सरांनी ते बघायची तसदी कशाला घ्यावी? त्यांनी उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढली आणि दुसऱ्या दिवशी दयाबाईंना बोलावून घेतलं. अख्ख्या वर्गासमोर विचारलं, "अंगणवाडीत हेच शिकवता का बाई?" दयाबाई पदर सारखा करून उभ्या राहिल्या.

शून्याचं स्टेलाला काही वाटलं नसतं. आईचं ते पदर सारखा करणं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवशी तिने दोन गोष्टी ठरवल्या. बोर्डाच्या पेपरात सायन्स दोनला ज्ञानेश्वरीच्याच काय, सगळ्यांच्या पुढे जायचं, म्हणजे चिठ्ठीवाली म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. आणि ज्ञानेश्वरीला असं आपटायचं की जन्मभर आठवण राहावी. खरं सांगायचं तर तिला दुसरी गोष्ट जास्त गोड लागत होती. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ती ओठ घट्ट मिटून उभी राहायची. बाकीची प्रार्थना मात्र मोठ्याने म्हणायची.

संधी फेब्रुवारीत आपल्या पायांनी चालत आली. दुपारी अंगणवाडी सुटली की स्टेला त्या रिकाम्या खोलीत अभ्यासाला बसायची. एक दिवस दारात ज्ञानेश्वरी उभी. सराव परीक्षेपासून दोघी बोलल्या नव्हत्या.

"स्टेला, सायन्सची वही देती का? आठ दिवस. मला कायच येत न्हाई गं."

निर्लज्जपणाची कमाल असते! स्टेलाच्या अंगाची लाही लाही झाली. पण तिने चेहरा असा ठेवला की जणू काही झालंच नाही.

"परवा देते," ती म्हणाली. "थोडं लिहायचं राहिलंय."

दोन दिवस ती बसली आणि तिने एक नवी वही लिहिली. सुंदर अक्षर, निळी शीर्षकं, पट्टीने आखलेल्या आकृत्या. आत मोजून चाळीस चुका. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यातून उचलून तंतुकणिकेत टाकलं. यीस्टच्या माथी मुकुलायनाऐवजी खंडीभवन मारलं. मुलगा की मुलगी हे ठरवणारं वाय गुणसूत्र बापाकडून काढून आईला दिलं. फुलाच्या आकृतीत परागकोश आणि कुक्षी यांच्या नावांचीच अदलाबदल केली. वाटेल ती चूक चालणार नव्हती. डोळ्यांवरून घसरून जाईल, खरीच वाटेल अशी चूक हवी होती, आणि तशी चूक घडवायला खरं काय ते मुळापासून कळावं लागतं. प्रत्येक चुकीसाठी तिने स्वतःला विचारलं, इथे आळशी माणूस काय समजेल? आणि तेच लिहिलं. इतका अभ्यास तिने अख्ख्या वर्षात केला नव्हता. हात दुखत होता आणि मन नुसतं उड्या मारत होतं.

वही घेताना ज्ञानेश्वरी म्हणाली, "लई उपकार झाले बघ."

"वाच मन लावून," स्टेला म्हणाली.

पुढचे दिवस स्टेलाचे मजेत गेले. आठाचे पंधरा दिवस झाले तरी वही परत आली नाही, आणि तिने मागितली नाही. गणिताच्या पेपराला जाताना एसटीत ज्ञानेश्वरी खिडकीशी बसून तीच वही पुटपुटत होती. घोक बाई, घोक, स्टेला मनात म्हणाली. एकदा मात्र आईने विचारलं, "ती कारभाऱ्याची पोर तुज्याकडं आल्ती म्हनं? काय म्हनत हुती?" वही मागत होती, दिली, असं स्टेलाने सांगितलं. दयाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस. मनात ठेवू नये मानसानं." तो हात स्टेलाला सोसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून ती उठली.

सायन्स दोनचा पेपर नेवाशाच्या केंद्रावर होता. फाटकाबाहेर पोरांची गर्दी, पुस्तकं एव्हाना दप्तरांत गेलेली आणि दप्तरं भिंतीशी ढिगात पडलेली. ज्ञानेश्वरी सरळ स्टेलाकडे आली आणि तिने वही तिच्या हातात ठेवली.

"एक्केचाळीस हायेत," ती म्हणाली.

स्टेलाने वही उघडली. पानापानावर लाल गोल होते. ग्लायकोलायसिसला गोल, यीस्टला गोल, वाय गुणसूत्राला तर दोन गोल.

"फुलापाशी सापडलीस तू," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आमच्याकडं मिरचीच्या बियान्याचा प्लॉट असतोय. सुट्टीभर मी हातानं पराग लावत हिंडती. पराग कुठनं काढायचा अन् कुठं लावायचा, मला न्हाई कळत व्हय? मंग म्हनलं, हितं चुकलंय तर आनखी कुठं चुकलं आसंल. एकेक वळ पुस्तकाशी ताडून बघितली, तीनदा. आजवर पुस्तक असं कधी वाचलंच नव्हतं मी. सगळं सायन्स पाठ झालं बघ."

जिला बुडवायला दोन दिवस हात मोडून घेतला, तिलाच शिकवून ठेवलं होतं! त्याहून वाईट म्हणजे ज्ञानेश्वरी चिडलेली नव्हती.

"सरांना दाखवणार हुते," ती म्हणाली. "मंग न्हाई दाखवली." आणि घंटा झाली.

आत शिरता शिरता स्टेलाने भराभर पानं उलटली. चाळीस तिच्याच होत्या, एकेक ओळखीची. एक्केचाळिसावा गोल अर्धसूत्री विभाजनाच्या पानावर होता. गुणसूत्रांची संख्या दुसऱ्या भागात निम्मी होते, असं तिने लिहिलं होतं, आणि ते तिने मुद्दाम चुकवलं नव्हतं. तिला तसंच येत होतं. ज्ञानेश्वरीने 'दुसऱ्या' खोडून वर 'पहिल्या' लिहिलं होतं. शिपायाने वही काढून घेतली आणि ढिगावर फेकली.

पेपर हातात आला. तिसऱ्या प्रश्नात तेच होतं. अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची संख्या केव्हा व कशी निम्मी होते ते स्पष्ट करा. गुण तीन.

आता खरं कुणाचं मानायचं? एक गोल जास्तीचा मारून ज्ञानेश्वरीने तिच्यावरच डाव उलटवला नसेल कशावरून? आपण तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं, स्टेलाला वाटलं. आणि ते खरं असलं तर? तरी तिचं ऐकून का लिहायचं? त्यापेक्षा तीन गुण गेलेले बरे. पण तीन गुण गेले की ती पुढे जाणार, आणि गावाला चिठ्ठी आठवणार. स्टेलाने बाकीचा पेपर आधी संपवला आणि मग परत तिथे आली.

कुणाचंच ऐकायचं नाही, तिने ठरवलं. तिने डोळे मिटले. चर्चच्या दारात काढलेल्या चपलांच्या जोड्या. तेवीस जोड्या, शेहेचाळीस नग. प्रत्येक जोडीतली एक चप्पल इकडे ढकलली, एक तिकडे. इकडे तेवीस, तिकडे तेवीस. म्हणजे जोड्या मोडल्या तिथेच संख्या निम्मी झाली. दुसऱ्या भागात मोडायला जोडी उरतेच कुठे? तिथे एकेका गुणसूत्राचे दोन पदर तेवढे वेगळे होतात, तेविसाचे तेवीसच राहतात. पहिला भागच. ज्ञानेश्वरीने खोटं लिहिलं नव्हतं. स्टेलाने उत्तर लिहिलं, आकृती काढली, नावं दिली. पेपर इतका छान गेला की तिला ज्ञानेश्वरीचा आणखीनच राग आला.

बाहेर फाटकाशी ज्ञानेश्वरी तिची वाट बघत उभी होती. चेहरा फुललेला.

"आला न्हवं त्यो प्रश्न? काय लिव्हलंस?"

स्टेलाने तिच्याकडे बघितलं. "दुसऱ्या भागात," ती म्हणाली. "वहीत होतं तेच."

ज्ञानेश्वरीचा चेहरा एकदम पडला. "अगं, पर मी गोल मारला हुता की! बघितला न्हाईस का?"

"बघितला. मला वाटलं, तू मुद्दाम चुकीचं लिहिलंयस."

ज्ञानेश्वरी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसेनासुद्धा. "तुजं बरोबरच हाय," ती म्हणाली. "मज्यावर कशाला इस्वास ठेवशील तू? त्या दिवशी सरांना सगळं सांगायला पायजे हुतं मी. सकाळी मीच इचारलेला त्यो कागद. भ्यायले गं. मला वाटलं, मलाबी बाहेर काढतेत. तुजी आई उभी हुती तवा बी तोंड उघडलं न्हाई. म्हनलं निदान येवढी एक चूक तरी तुला दाखवावी."

दोन महिने स्टेला याच शब्दांसाठी जळत होती. आता ते तिच्या पुढ्यात पडले होते, भरल्या डोळ्यांनी, मागितल्याशिवाय. एक वाक्य बोललं की झालं असतं. बरोबर लिहिलंय गं, ऊठ. ज्ञानेश्वरी रडता रडता हसली असती, दोघी एकाच एसटीने गावाकडे गेल्या असत्या, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. ते वाक्य स्टेलाच्या ओठांपर्यंत आलंही. मग तिला वर्गासमोर पदर सारखा करणारी आई दिसली.

"तीन गुणांचा होता," स्टेला म्हणाली. "गेले."