सरळ थांबणारी गाडी

मल्लिकार्जुनअप्पांची लाल गाडी अख्ख्या सोलापुरात एकच. दोन माणसांची, बिनटपाची, विलायती. बंद पडलेल्या एका गिरणीच्या मालकाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हा पोरगा महेश्वर जन्मालाही आला नव्हता.

गाडीला एक खोड होती. ब्रेक दाबला की हट्टी म्हशीसारखी डावीकडं ओढायची. मग अप्पा पायाबरोबर स्टिअरिंगही उजवीकडं वळवायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, गाडीनंच शिकवलं होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर सात रस्त्याच्या चौकात ब्रेक वेळेवर लागला नाही. स्कूटरवरची एक बाई थोडक्यात वाचली. महेश्वर म्हणाला, "अप्पा, पुण्याचा जुन्या गाड्यांचा एक शौकीन कधीचा मागं लागलाय. देऊन टाकू."

"ब्रेक नवे करतो की! मग?"

"मग मला शेजारी बसवून चालवून दाखवा. धड थांबवलीत तर जन्मभर ठेवा."

अप्पांना वाटलं, जिंकलो.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी धनाजीचं गॅरेज. त्यानं पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून नवे डिस्क ब्रेक बसवले, पायपा बदलल्या. काम झाल्यावर अप्पांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, चाकापुढं नारळ फोडला.

"आता हाक मारली की थांबंल बघा," धनाजी म्हणाला. "केसाएवढीबी वाकडी न्हाय जायाची."

कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर अप्पांनी गाडी पळवली. महेश्वर शेजारी. ब्रेक दाबला, अन् गाडी थेट उजवीकडच्या वेड्या बाभळीत घुसून थांबली. ओढ राहिली नव्हती. हात मात्र वळले होते.

"सवय हो, सवय. दुसऱ्यांदा बघ."

दुसऱ्यांदा अप्पा "सरळ, सरळ" असं पुटपुटत राहिले. गाडी खरंच सरळ थांबली. महेश्वरच्याही तोंडावर हसू आलं. पण परत वळताना गल्लीतून एक सायकलवाला अचानक आडवा आला, आणि पुटपुटायला वेळच मिळाला नाही. पाय ब्रेकवर गेला, हात उजवीकडं गेले, आणि गाडी समोरून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. टेम्पोतले टॉवेलचे गठ्ठे हादरले.

"ओ म्हातारबा, घरी सांगून आलाव का?" टेम्पोवाला ओरडला.

महेश्वर उतरून चालतच गॅरेजपर्यंत आला.

अप्पांनी मागोमाग गाडी आणली आणि धनाजीला बाजूला घेतलं. "जुनं परत बसीव."

"अप्पा, जुन्यानं थांबत न्हवती म्हनून तर आलाव की."

"मग नव्यालाच जरा डावीकडं ओढ लाव. थोडीशी."

धनाजी हसला. मग त्यांच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. "मुद्दाम बिघाड करून देऊ? माजा हात न्हाय चालायचा."

महादेवीबाई सगळं ऐकत होत्या. त्या येऊन डावीकडच्या सीटवर बसल्या, पदर खोचला. "चला. मी असले की तुमचं चित्त थाऱ्यावर असतं. एकदाच बघू."

"आई, उतर खाली!" महेश्वर म्हणाला.

"तू गप रे. लग्न यांच्याशी केलंय मी, तुझ्याशी नाही."

अप्पांनी गाडी सुरू केली. हातांना मनातल्या मनात बजावलं. देवाचं नाव घेतलं. गाडी जागेवर असतानाच पाय ब्रेकवर ठेवून बघितला, आणि हात आपसूक उजवीकडं वळले. पाय काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा वळले. दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा ठेवला. हात त्यांचं ऐकेनात. महादेवीबाई समोर रस्त्याकडं बघत बसल्या होत्या, देवळात बसावं तशा निवांत.

अप्पांनी गाडी बंद केली.

"काय झालं?"

"उतर."

"अहो, पण अजून हललीसुद्धा नाही..."

"उतर म्हणतो ना!"

चाळीस वर्षांच्या संसारात अप्पा बायकोवर असे कधी ओरडले नव्हते. बाई उतरल्या. अप्पाही उतरले. किल्ली त्यांनी महेश्वरच्या हातात दिली.

"त्या पुण्याच्याला फोन लाव," ते म्हणाले. "ब्रेक नवे आहेत म्हणून सांग. सरळ थांबते म्हणावं."