न मारलेल्या चेंडूंचा हिशोब

मी एक जुना सोरोबान आहे. मित्रांनो, तुम्ही मला अबॅकस म्हणाल, पण माझ्या बंदरात मला सोरोबानच म्हणतात. तेवीस दांड्या, प्रत्येक दांडीवर वर पाचाचा एक मणी आणि खाली एकेकाचे चार. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण माझे उत्तर आजवर एकदाही चुकलेले नाही. चुकली असतील तर बोटे चुकली असतील.

बर्चच्या लाकडाचे मणी घासून मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवले. तेथून मी मासळीचे डबे भरणाऱ्या कारखान्यात तोमिएच्या टेबलावर आलो. तोमिए माल पाठवण्याच्या विभागात पेट्या मोजायची आणि सुटीच्या दिवशी कारखान्याच्या बेसबॉल संघाची धावनोंद वही लिहायची. मला तिरका करून तिने बोटाची एक रेघ ओढली की मी कोरा. तिचा हात इतका हलका, की कामाचा कधी शीण वाटला नाही.

कारखान्याच्या जेवणघरात एक फळा होता. त्यावर संघातल्या प्रत्येकाने शंभरात किती फटके यशस्वी मारले ते लिहिलेले असे, आणि सर्वांत वरच्या नावाला ताटात एक भाजलेला मासा जास्त मिळे. हा मासा बहुधा कात्सुमीच्या ताटात जाई. कात्सुमी म्हणजे तोमिएचा सख्खा धाकटा भाऊ. उंचापुरा, शंभरात एकतीस फटके मारणारा. सलामीचा फलंदाज एईसाकु मात्र बुटका आणि अबोल. त्याच्या नावापुढे शेकडा चोवीस. वाढणाऱ्या बायका त्याला मुळ्याचे लोणचेही हात आखडून वाढायच्या.

आता त्याची एक खोड ऐका. तो वाईट चेंडूला बॅट लावतच नसे. चार वाईट चेंडू पडले, की फलंदाजाला न मारताच पहिल्या बेसवर चालत जाता येते. एईसाकु असा मान खाली घालून चालत जाई. फळ्यावर मात्र ही खेपच धरत नसत. जणू त्या वेळी तो जेवायला गेला होता!

उन्हाळ्यात विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना आठ दिवसांवर आला. ओनोदेरा हे आमचे प्रशिक्षक, जन्म जाळी ओढण्यात गेलेले. ते जेवणघरात सर्वांसमोर म्हणाले, "सलामीला आता कात्सुमी. एईसाकु, तू उद्यापासून पेट्या उचल. संघात तुझी जागा नाही."

एईसाकुने वाकून नमस्कार केला आणि तो आपला अर्धा भात तसाच ठेवून उठला. सात वर्षे हा माणूस पहाटे वाळूत पळत होता. तोमिएने ते ताट पाहिले.

त्या दुपारी तिने वही उघडली आणि मला पुढे ओढले. दोघेही एकशेवीस वेळा फलंदाजीला आले होते. एईसाकुचे बावीस फटके आणि चालत गेलेल्या खेपा अठ्ठावीस. मी पन्नास दाखवले. कात्सुमीचे छत्तीस फटके, चालत गेलेल्या खेपा फक्त पाच. मी एक्केचाळीस दाखवले.

तोमिएने मला कोरे केले. पुन्हा मोजले. पुन्हा कोरे केले. तिसऱ्यांदा मोजले. मित्रांनो, मला वाटले, ही आता वही मिटणार. भावाचा मान स्वतःच्या हाताने कोण काढून घेईल? पण ती उठली आणि मला काखेत मारून थेट प्रशिक्षकांकडे गेली.

"साहेब, सलामीवाल्याचं काम काय असतं?"

"हे काय विचारणं झालं? बेसवर जाणं!"

"मग ते किती वेळा जमलं, हे आपण फळ्यावर कुठं लिहितो?"

ओनोदेरा हसले. "अगं, चालत जायला काय, माझी आजीपण जाईल."

"मग आजींनाच आणा साहेब, संघात जागा आहे एक."

ओनोदेरांचे हसू मावळले. त्यांनी आकडे पाहिले. मग दरडावून म्हणाले, "कात्सुमी तुझा भाऊ ना गं?"

"हो. म्हणून तर तीनदा मोजलं."

म्हाताऱ्याने मला स्वतःकडे ओढले आणि राठ बोटांनी एकेक मणी सरकवत स्वतः मोजले. मी पन्नासच दाखवले. मी कोणाच्या वजनाला दबत नाही.

"एईसाकुला बोलव," ते पुटपुटले. "आणि तुझ्या भावाचं काय करू?"

"तिसऱ्या क्रमांकावर घाला. पुढं कुणीतरी बेसवर उभं असलं, की त्याच्या फटक्याला खरी किंमत येईल."

कात्सुमी मात्र भडकला. "शत्रू बाहेर कशाला हवेत, ताई? घरातच आहे की!" असे म्हणून त्याने आठ दिवस तिच्याशी बोलणे टाकले. ती वाढायची, तो पाठ फिरवून जेवायचा. माझ्या उत्तराने घरात अबोला आला, याचे मला फार वाईट वाटले.

अंतिम सामन्यात शेवटच्या डावात दोन-दोन अशी बरोबरी होती. मी तोमिएच्या मांडीवर, वहीशेजारी. एईसाकु फलंदाजीला आला. आमचेच लोक ओरडत होते, "अरे मार की! बॅट काय शोभेला आणलीस?" त्याने दोन चांगले चेंडू कसेबसे बाहेर तटवले आणि चार वाईट सोडून दिले. गेला चालत, मान खाली घालून. दुसऱ्या फलंदाजाने चेंडू हळूच बॅटीने टेकवला आणि स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवले. मग कात्सुमी आला. त्याने पहिलाच चेंडू उजवीकडे मोकळ्या जागेत पिटाळला, आणि आमचा बुटका धूळ उडवत घरच्या बेसवर पोचला. जिंकलो!

सगळ्यांनी कात्सुमीला उचलून घेतले. पण खाली उतरल्यावर तो घामेजलेला तसाच बहिणीजवळ आला. तिने वहीवरून डोके वर केले नाही.

"ताई," तो म्हणाला, "त्याचे अठ्ठावीस होते ना? माझ्यासमोर मोज. आज एक वाढला."

तोमिएने अठ्ठावीस मांडले, पण तिचे डोळे भरून आले होते, पुढचा मणी दिसेना. तेव्हा कात्सुमीनेच बोट पुढे करून तो एक मणी वर सरकवला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओनोदेरांच्या वेड्यावाकड्या अक्षरात नवा रकाना उभा राहिला, आणि त्यात एईसाकुचे नाव सर्वांत वर होते. तो मासा त्याच्या ताटात कात्सुमीनेच वाढला. एईसाकुने तो काट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला, भातही संपवला.

पुढे यंत्रे आली आणि मी तोमिएच्या खणात गेलो. आज माझी एक दांडी वाकली आहे, काही मणी अडखळतात. मित्रांनो, तुमच्या घरी असा कोणी जुना सोबती असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी कोरड्या फडक्याने पुसा. मला पुसणारा आहे, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे. दर उन्हाळ्यात, सामन्याच्या त्या तारखेला, पिकल्या केसांचा कात्सुमी ताईकडे येतो, खण उघडतो, माझी धूळ झाडतो आणि मला कोरे करून आधी अठ्ठावीस मांडतो. मग शेजारी बसलेल्या बुटक्या म्हाताऱ्याकडे मला सरकवतो. एकोणतिसावा मणी एईसाकु स्वतः वर करतो.