नुसतं आम्ल

स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात, त्यांना प्रयोगशाळेत बेटं म्हणतात. धाकटी सहा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उंदरांची बेटं एकेक करून वेचत होती. मान कायमची आखडली होती. मधुमेहानं पोखरलेली तिची ताई मात्र आपल्या बेटांना सरळ ‘आळशी’ म्हणायची. "रक्तात साखरेचा पूर आला तरी पठ्ठे कूस बदलत नाहीत. उठव गं त्यांना!"

आणि उंदरांची बेटं खरंच उठली! मज्जातंतूंच्या टोकांतून झिरपणारं न्यूरोपेप्टाइड नावाचं एक रसायन थेंबभर घातलं की ती भराभरा इन्शुलिन सोडायची. धाकटीच्या पोटात कुठलं काय राहतंय? त्याच दिवशी तिनं ताईला सांगून टाकलं. ताईच्या पायाची जखम तेव्हा चिघळली होती, सर्जन पाऊल काढायचं म्हणत होते. ताई त्यांना ठणकावून आली, "माझ्या बहिणीचं औषध येतंय. मी थांबते." औषध व्हायला वर्षं लागतात, असं धाकटी म्हणाली खरी, पण तोंडातल्या तोंडात. ताईचा फुललेला चेहरा तिला मोडवला नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिची प्रयोगांची वही उघडली.

"पेप्टाइड कशात विरघळवलंस?"

"सौम्य आम्लात. नुसत्या पाण्यात विरघळत नाही ते."

"आणि पेप्टाइड न दिलेल्या, तुलनेच्या बेटांवर काय घातलंस?"

"खारं पाणी," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला चूक दिसली. तुलनेलाही तेच आम्ल हवं होतं. शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात हे सांगतात.

दुपारी तिनं नुसतं आम्ल घालून पाहिलं. इन्शुलिन तेवढंच आलं. पेशी जाग्या होत नव्हत्या, मरत होत्या, आणि फुटताना आतलं सांडत होतं. पेप्टाइडनं काडीचंही काम केलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं ताईच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

"सर्जन आज येऊन गेले," ताई म्हणाली. "आता गुडघ्याच्या वर कापणार. तेव्हा पावलावर भागलं असतं म्हणे."

"ताई, मी तेव्हाच तुला..."

"एकदा ओरडायचंस गं माझ्यावर. लगेच पाऊल कापून घ्यायला गेले असते. या घरात मी दुसऱ्या कुणाचं ऐकते का?"